रेल्वेची शिस्त आणि नोकराचा न्याय

गोरेगांवच्या फलाटावर सकाळीं आठ वाजतां जो जनसमुदाय उभा असतो, त्यांतील प्रत्येकजण थोड्याच वेळांत आपला जीव एका अनोळखी माणसाच्या स्वाधीन करणार असतो. लोकलच्या अगदीं पुढच्या टोकाला, एका अरुंद खोलींत बसलेला हा मोटरमन आपल्या ओळखीचा नसतो. त्याचें नांव काय, गांव कोणतें, त्याची रात्रीची झोंप पुरी झाली कीं नाहीं, हें आपण कधीं विचारीत नाहीं. त्याच्यामागें सिग्नल सांभाळणारे, रूळ तपासणारे, विजेच्या तारा दुरुस्त करणारे असे कितीतरी हात असतात. यांपैकीं एकाचेंही लक्ष क्षणभर ढळलें तर केवढा अनर्थ होईल, या विचारानें आपल्या सकाळच्या चहाची चव बिघडत नाहीं, याचें श्रेय रेल्वेच्या शिस्तीला दिलें पाहिजे. १८६७ सालीं बी. बी. अँड सी. आय. कंपनीची स्थानिक गाडी या मार्गानें प्रथम धांवली. त्या वेळच्या स्टेशनांच्या यादींत या ठिकाणाचें नांव ‘पहाडी’ असें आढळतें. १९२८ सालीं कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. यंत्रें बदललीं, मालक बदलले. परंतु नियमाप्रमाणें वागलेंच पाहिजे हा रेल्वेचा पहिला धडा बदललेला नाहीं, आणि तो बदलूंही नये.

मात्र या शिस्तीला दुसरी बाजू आहे. ती प्रवाशाला दिसत नाहीं. ज्या घरांत रेल्वेचा पगार येतो त्या घरालाच ती ठाऊक असते. एके दिवशीं कचेरींतून एक जाड लिफाफा हातीं पडतो. आंत छापील नमुन्याचे कागद. त्यांवर आरोप, आरोपाचा तपशील, पुराव्याच्या कागदांची यादी आणि साक्षीदारांचीं नांवें. बोलण्यांत याला ‘चार्जशीट’ म्हणतात, मराठींत आरोपपत्र. एकत्र कुटुंबांत असा कागद आला म्हणजे काय होतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. ज्याच्या नांवें तो आला, तो तो कपाटांत दडवून ठेवतो. वडिलांना सांगावें तर त्यांची प्रकृति नाजुक. धाकट्या बहिणीचें लग्न ठरावयाचें आहे. शेजारींपाजारीं कळलें तर लोक काय म्हणतील! सहधर्मचारिणीला बातमी लागते ती दुसऱ्याच कोणाकडून. आणि या लपवाछपवींत, उत्तर देण्यासाठीं मिळालेले दहा दिवस मात्र निघून जातात.

वाचकांना मुख्यतः सांगावयाचें तें हें, कीं आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे. तो मालकानें नोकराला विचारलेला प्रश्न आहे. या प्रश्नाला उत्तर देण्याचा हक्क सुखासुखीं मिळालेला नाहीं. त्यासाठीं दोन-तीन पिढ्या झगडल्या, आणि त्या झगड्यांत महाराष्ट्रांतील माणसांचा वांटा मोठा आहे. तो इतिहास ज्या घराला ठाऊक असेल, तें घर लिफाफा पाहून गळून जाणार नाहीं.

मर्जीचें राज्य

कंपन्यांच्या अमदानींत रेल्वेची नोकरी बव्हंशीं साहेबाच्या मर्जीवर टिकत असे. ठराविक मुदतीची नोटीस, किंवा तिच्याऐवजीं तितक्या दिवसांचा पगार हातावर ठेवला, कीं कित्येक वर्षांची नोकरी एका कागदानें संपूं शके. १८९९ सालच्या मे महिन्यांत जी. आय. पी. रेल्वेवरील देशी सिग्नलरांनीं संप केला. पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या इतर अटी हीं त्यांचीं गाऱ्हाणीं होतीं. लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून त्यांची बाजू लावून धरली. फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं सभा भरविण्यास व निधि जमविण्यास हातभार लावला. तारेवर काम करणारा हा वर्ग लिहिणारा-वाचणारा होता. त्याच्या दुःखाचे पडसाद सुशिक्षित घरांतून उमटले, यांत नवल नाहीं.

पुढें १९३० च्या फेब्रुवारींत जी. आय. पी. रेल्वेवर मोठा संप झाला. एप्रिलमध्यें, मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, संपवाल्या कामगारांच्या तुकड्या उत्तर मुंबईच्या उपनगरांतील स्टेशनांवर गेल्या आणि समोर लाल निशाणें रोवून रुळांवर आडव्या झाल्या. रूळ मोकळे करण्यासाठीं पोलिसांनीं गोळीबार केला. गाऱ्हाणें ऐकून घेण्यासाठीं जेथें खोली नसते, तेथें तें शेवटीं रुळांवर येऊन पडतें, हा त्या दिवसांचा धडा आहे.

तो धडा ज्यांनीं शांतपणें सरकारच्या दप्तरांत लिहविला, त्यांत नारायण मल्हार जोशी यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. योगायोग असा, कीं त्यांचा जन्मही गोरेगांवचा. मात्र तें गोरेगांव कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतलें. १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि १९२० सालीं देशांतील कामगारसंघांची पहिली मध्यवर्ती संस्था स्थापन करण्यांत पुढाकार घेणारे हे गृहस्थ १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशनचे सभासद होते. १९३१ सालच्या अहवालांत त्या कमिशननें रेल्वेंतील तंट्यांसाठीं मालक व नोकर यांची कायम स्वरूपाची संयुक्त यंत्रणा असावी अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालापासून, रेल्वेंत वाटाघाटींची कायमची यंत्रणा सुरू झाली. तथापि तिच्यापुढें यावयाचे ते सर्वसामान्य प्रश्न. एखाद्या माणसावरील शिस्तभंगाचें प्रकरण सामान्यतः तिच्या कक्षेबाहेरच राहिलें. म्हणजे हजारांचा प्रश्न मांडण्यास मेज मिळालें. एकट्याला मात्र आपला मार्ग निराळा शोधावा लागला.

आणखी एका मराठी न्यायाधीशाचें ऋण येथें नमूद केलें पाहिजे. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्याकडे १९४६ सालीं रेल्वे-नोकरांच्या कामाचे तास व विश्रांति यांचा तंटा निवाड्यासाठीं गेला. १९४७ सालीं त्यांनीं निवाडा दिला. तासांचा शिस्तीशीं काय संबंध, असें कोणी विचारील. परंतु पुष्कळशा चुका दुष्टपणानें होत नाहींत, थकव्यानें होतात. आणि थकलेल्याला शिक्षा देण्यापूर्वीं तो कां थकला हें पाहणें हाच खरा न्याय.

घटनेचें कवच

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंत ३११ वें कलम आलें. सरकारी नोकराला त्याच्या नेमणूक करणाऱ्यापेक्षां खालच्या अधिकाऱ्यानें बडतर्फ करूं नये, आणि आरोप कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधि देऊन, चौकशी केल्यावांचून त्याला काढून टाकूं नये, असा त्याचा मथितार्थ. तरीही रेल्वेच्या नियमांत, नोटीस देऊन कायम नोकराचीही नोकरी संपविण्याची जुनी तरतूद राहूनच गेली होती. चौकशी नको, आरोप नको, नुसती नोटीस!

या तरतुदीविरुद्धचें भांडण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, तें आसामकडील ईशान्य सीमा रेल्वेंतल्या मोतीराम डेका नांवाच्या एका शिपायाच्या नांवानें ओळखलें जातें. सात न्यायाधीशांच्या पीठानें डिसेंबर १९६३ मध्यें निकाल दिला. बहुमताचा मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. पुढें दोन महिन्यांतच ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : कायम नोकराला निवृत्तीच्या वयापर्यंत पदावर राहण्याचा हक्क असतो, तो हक्क मध्येंच तोडणें म्हणजे त्याला काढून टाकणेंच होय, मग त्याला नांव कोणतेंही द्या. म्हणून ३११ व्या कलमाचें संरक्षण त्यालाही मिळालें पाहिजे. एका शिपायाच्या अर्जावरून लाखों रेल्वे-कुटुंबांच्या डोक्यावरील टांगती तलवार दूर झाली.

परंतु या कवचालाही भोंकें आहेत. चौकशी करणें व्यवहारतः शक्य नाहीं असें अधिकाऱ्यास वाटलें, तर कारण लिहून ठेवून चौकशीवांचून काढून टाकण्याची मुभा त्याच कलमांत दिलेली आहे. ८ मे १९७४ रोजीं जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालीं देशभर रेल्वेचा संप सुरू झाला व वीस दिवस चालला. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. रेल्वेच्या वसाहतींतून बिऱ्हाडें बाहेर काढण्याचे प्रकार घडले. १९७७ सालीं राज्य पालटलें आणि कोंकणांतून निवडून गेलेले प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनीं त्या संपांत नोकरी गमावलेल्यांना परत घेतलें. कितीतरी विझलेल्या चुली पुन्हां पेटल्या. तरीही विचार करणाऱ्यानें हें ओळखावें, कीं जें एका मंत्र्याच्या औदार्यानें मिळतें तें दुसऱ्याच्या कठोरपणानें जाऊंही शकतें. पद्धतीची जागा दयेनें भरून निघत नाहीं.

१९८१ च्या सुमारास इंजिनचालकांच्या संपांतही चौकशीवांचून नोकऱ्या गेल्या. तीं प्रकरणें व तशींच इतर प्रकरणें तुलसीराम पटेल यांच्या खटल्याबरोबर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठापुढें आलीं. जुलै १९८५ मध्यें त्या पीठानें बहुमतानें ही मुभा वैध ठरविली. मात्र कारण लेखी असलें पाहिजे, तें तपासण्याचा अधिकार न्यायालयास आहे, आणि परिस्थिति निवळल्यावर अपिलांत चौकशीची मागणी करतां येते, हेंही सांगितलें. पुढें १९९३ सालीं न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं लिहिलेल्या बहुमताच्या निकालानें चौकशी-अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत शिक्षेपूर्वीं नोकरास मिळालीच पाहिजे हें पक्कें झालें. आपल्याविरुद्ध काय लिहिलें गेलें तें वाचूं न देतां शिक्षा देणें म्हणजे डोळे बांधून लढावयास लावणें. तें यामुळें थांबलें.

लिफाफा आल्यावर

आतां घरांतील वडीलधाऱ्यांनीं व गृहिणींनीं लक्षांत ठेवावा असा व्यवहार पाहूं. रेल्वे-नोकरांच्या शिस्तीचे व अपिलाचे नियम १९६८ सालचे आहेत. त्यांत शिक्षा दोन प्रकारच्या. सौम्य शिक्षांत ठपका, बढती किंवा वेतनवाढ रोखणें, झालेल्या नुकसानीची वसुली, प्रवासाचे पास रोखणें या गोष्टी येतात. मे महिन्यांत मुलांना गांवीं नेण्याचा पास रोखला गेला, तर त्या शिक्षेची झळ साऱ्या घराला लागते! कठोर शिक्षांत खालच्या पदावर उतरविणें, सक्तीची निवृत्ति, नोकरींतून काढणें आणि बडतर्फी. शेवटच्या दोहोंत फरक आहे : काढून टाकलेल्यास पुन्हां सरकारी नोकरीचें दार कायमचें बंद होत नाहीं, बडतर्फ झालेल्यास तें सामान्यतः बंद होतें.

म्हणून लिफाफा उघडतांच प्रथम नमुन्याचा आंकडा पाहावा. अकरा क्रमांकाचा नमुना सौम्य शिक्षेचा. पांच क्रमांकाचा कठोर शिक्षेचा. पांच क्रमांकाच्या नमुन्याला दहा दिवसांत लेखी उत्तर द्यावयाचें असतें. कागदपत्रें पाहावयाचीं असतील तर तशी मागणी व मुदतवाढीची विनंति त्याच दहा दिवसांत लेखी करावी. तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. रागाच्या भरांत लिहिलेलें उत्तर रात्रभर बाजूस ठेवावें आणि सकाळीं घरांतल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाकडून वाचून घ्यावें. एकत्र कुटुंबाचा उपयोग येथें नाहीं तर कोठें?

चौकशींत नोकराला एक साहाय्यक घेतां येतो : दुसरा एखादा रेल्वे-नोकर किंवा युनियनचा पदाधिकारी. वकील सामान्यतः चालत नाहीं. सरकारची बाजू मांडणारा स्वतः वकील असेल तर गोष्ट निराळी. साक्षीदारांची उलटतपासणी करतां येते, आपले साक्षीदार देतां येतात. चौकशीच्या तारखेस गैरहजर राहणें ही मोठी चूक. कारण मग एकतर्फी काम चालतें आणि पुढें तक्रारीला बळ राहत नाहीं. अहवालाची प्रत मिळाल्यावर पंधरा दिवसांत त्यावर म्हणणें मांडावें. शिक्षेचा हुकूम झाल्यास पंचेचाळीस दिवसांत अपील, आणि तें फेटाळलें गेल्यास फेरतपासणीचा अर्ज. त्यापुढें केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. हें १९८५ सालीं सुरू झालें, व त्याचें एक पीठ मुंबईंत आहे. अंतिम हुकुमापासून एक वर्षाच्या आंत तेथें जावें लागतें; अपिलाचा निकाल सहा महिन्यांत लागला नाहीं तरी दार ठोठावण्याची सोय आहे. तेथील निर्णयही हायकोर्टाच्या तपासणीच्या पलीकडे नाहीं, हें १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें.

निलंबनाविषयीं घरांत फार गैरसमज असतो. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळांत निर्वाहभत्ता मिळतो. आरंभीं तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो. तीन महिन्यांनंतर, विलंबाचा दोष नोकराकडे नसेल तर, तो वाढवितांही येतो. चूल अगदींच विझत नाहीं, हें धाकट्यांना समजावून सांगितलें तर पुष्कळशी धांदल टळेल.

पंच कोणाचा?

एवढें सांगितल्यावर मुख्य प्रश्न उरतोच. आरोप ठेवणारा अधिकारी रेल्वेचा, चौकशी करणारा बहुधा रेल्वेचा, शिक्षा देणारा रेल्वेचा आणि अपील ऐकणारा त्याच्याहून वरचा, पण रेल्वेचाच. ही माणसें वाईट असतात असें नव्हे. अनेक अधिकारी काटेकोर न्यायानें वागतात. परंतु अपघात झाला, वर्तमानपत्रांत गवगवा झाला, वरून विचारणा आली, म्हणजे कोणावर तरी बोट ठेवण्याची घाई होते. अशा घाईंत चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा धोका फार. आणि तटस्थ माणसाचें तोंड दिसतें तें न्यायाधिकरणांत. तेंही साक्षीपुरावा नव्यानें तोलीत नाहीं. रीत पाळली गेली कीं नाहीं व शिक्षा अपराधाच्या मानानें भलतीच जबर आहे काय, एवढेंच तें सामान्यतः पाहतें.

अमेरिकेनें याबाबत निराळी वाट धरली. १९२६ सालीं तेथें रेल्वे-कामगारांचा कायदा झाला. १९३४ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन शिकागो येथें एक राष्ट्रीय निवाडा-मंडळ बसलें. त्यांत निम्मे सभासद कंपन्यांचे, निम्मे कामगारसंघांचे. मतें समसमान पडलीं तर बाहेरचा तटस्थ पंच बसवितात आणि त्याचा निर्णय दोन्ही पक्षांस बांधतो. पहिली चौकशी तेथेंही कंपनीच करते. पण नोकर दोषी ठरला तर त्या चौकशीचे कागद घरच्या नव्हे, तर समान पक्षांच्या मेजावर जातात. त्याच्या मोबदल्यांत कामगारांनींही एक गोष्ट सोडली आहे : असल्या वैयक्तिक प्रकरणावरून संप करावयाचा नाहीं. आपल्याकडील कायदा तसाच्या तसा व्हावा असें म्हणणें नाहीं. परंतु बडतर्फीसारख्या जबर शिक्षेपूर्वीं निदान एक तटस्थ डोळा त्या कागदांवरून फिरावा, आणि चौकशी ठराविक मुदतींत पुरी व्हावी, ही मागणी कोणाही समंजस प्रवाशास पटेल.

प्रवाशास कां पटावी? कारण न्याय हा सुरक्षिततेचा शत्रु नसून तिचा पाया आहे. मोटरमननें लाल सिग्नल ओलांडणें हा रेल्वेंत अति गंभीर अपराध समजला जातो, आणि तो तसाच समजला पाहिजे. डब्यांत आपलींच मुलेंबाळें बसलेलीं असतात. दारू पिऊन कामावर येणाऱ्यास दया दाखवावी असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु सिग्नल कां ओलांडला गेला, त्याचा प्रकाश नीट दिसत होता काय, ब्रेक वेळीं लागला काय, माणूस सलग किती तास जागा होता, हें ज्या चौकशींत विचारलें जात नाहीं, ती चौकशी एका माणसाला घरीं पाठविते, पण दोष मात्र रुळावरच ठेवून जाते. उद्यां दुसरा मोटरमन त्याच जागीं चुकेल. शिवाय शिक्षेच्या भयानें घाबरलेला माणूस लहान चुका लपवितो; आणि लपविलेल्या लहान चुकांतूनच मोठे अपघात जन्मास येतात.

फेब्रुवारी २०२४ मध्यें मध्य रेल्वेवरील एका मोटरमनचा रुळांवर मृत्यु झाला. सिग्नल ओलांडल्याच्या प्रकरणांतील कारवाईची धास्ती त्याच्या मनावर होती, असें सहकाऱ्यांचें म्हणणें होतें. त्यांनीं जादा काम करण्याचें नाकारल्यानें पुष्कळ लोकल रद्द झाल्या आणि फलाटांवर गर्दी उसळली. त्या गर्दींतल्या किती जणांच्या मनांत आलें असेल, कीं ज्याच्या हातीं आपण जीव देतों त्याच्या मनावरचा भार हाही आपलाच प्रश्न आहे?

शिस्त ढिली व्हावी असें म्हणणारा मनुष्य रेल्वेचा मित्र नव्हे. पण ज्या शिस्तींत ऐकून घेणें नाहीं, ती शिस्त नसून केवळ धाक होय. टिळकांच्या लेखणीपासून गजेंद्रगडकरांच्या निकालापर्यंत जी वाट बांधली गेली, तिचें सार इतकेंच आहे : आधीं सांगा, मग ऐका, मग ठरवा, आणि कां ठरविलें तें लिहून द्या. घरांतही वडिलांनीं मुलाशीं, सासूनें सुनेशीं वागतांना हाच क्रम पाळला तर पुष्कळ कलह उंबऱ्याच्या आंत येणार नाहींत. आणि ज्यांच्या घरीं तो जाड लिफाफा येईल, त्यांनीं तो कपाटांत न ठेवतां दिवाणखान्यांत आणावा, चार वडीलधाऱ्यांसमोर उघडावा, त्यावरील तारीख पाहावी आणि उत्तराचा कागद घेऊन बसावें. लाज अपराधाची असावी, आरोपाची नव्हे.